अक्का, मी आणि उंबऱ्यावरचं पान

साऱ्या हुबळी-धारवाडात आमच्या अक्काइतकं कथांचे अर्थ काढायला देवांना कामाला लावणारं माणूस दुसरं नसेल. ती माझी एम.ए.ची वर्गमैत्रीण. बी.ए. झाल्यावर काही वर्षं ती वडिलांच्या दाजीबानपेठेतल्या कापडाच्या दुकानात बसली, ते गेल्यावर पुन्हा शिकायला आली आणि वयानं मोठी म्हणून सगळ्या वर्गाची अक्का झाली. दुकानात कापड ताणून ताणून मोजायची, तशीच ती कथेतली प्रत्येक वस्तू ताणायची. पात्रानं ओढा ओलांडला की हिचा हात वर, "सर, कोणता पाय आधी टाकला?" एका कथेत नायिकेनं नारळ फोडला, तर अक्का म्हणाली, अहंकार फोडला. मी ओरडले, "अगं, चटणी करतीय ती!" त्यावर शांतपणे, "मी चटणीचाच तर अर्थ सांगतीय." कँटीनमध्ये चुरमुऱ्यांचं गिरमिट मागवावं, तर वर खोचलेल्या मिरचीत तिला कळस दिसायचा आणि कळसाला आधी हात लावायचा नाही म्हणून आम्ही भुकेले बसून राहायचो. सर तर इतके धसकले होते की कथेत कमळ आलं की तो परिच्छेदच गाळायचे. आणि खरं सांगते, तिच्याशी भांडण्यात जी मजा होती ती दुसऱ्या कशात नव्हती. धारवाडहून हुबळीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसून भांडायचो, कंडक्टरसुद्धा तिकीट फाडताना कान देऊन उभा राहायचा.

मग ती कथा आली. दोन भाऊ, बोलणं बंद. दसऱ्याला धाकटा थोरल्याच्या उंबऱ्यावर बन्नीचं पान ठेवतो आणि न बोलता निघून जातो. कथा संपली. बन्नी म्हणजे शमी. आमच्याकडं दसऱ्याला तिचीच पानं सोनं म्हणून देतात, लहानानं मोठ्याच्या घरी जाऊन द्यायची. यात वाद कसला? सोनं दिलं, भांडण मिटलं! सगळा वर्ग माना डोलवत होता. अक्का ताडकन उठली. "पांडवांनी शस्त्रं कुठं लपवली? शमीत! ते सोनं नाही, ती धमकी आहे." झालं! वर्ग पेटला. मी बाकावर हात आपटला, तिनं तिच्या बाकावर आपटला. मी म्हणाले, सणाच्या दिवशी कोण धमकी द्यायला जातं? ती म्हणाली, न बोलता कोण सोनं द्यायला जातं? कुणीतरी शिट्टी वाजवली. सरांनी तहाचा मार्ग काढला, "सुट्टीनंतर तुम्ही दोघींनी मिळून सेमिनार द्यायचा आणि एकच निष्कर्ष काढायचा." मी लगेच म्हणाले, "अक्का, थोरल्यानं पान उचललं की काढू निष्कर्ष!" सगळे हसले. अक्का हसली नाही. "तसलं पान उचलायचं नसतं," एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. पिशवी घेऊन ती निघून गेली.

त्यानंतर बसमध्ये ती पुढं जाऊन बसू लागली. मला काही सुचेना. सेमिनार गेला खड्ड्यात, पण भांडायला माणूस नाही म्हटल्यावर तो प्रवास संपता संपेना. दसऱ्याला संध्याकाळी आई म्हणाली, "लहान तू आहेस, तू जायचं." मी चपला घालतच होते, तर दारात अक्काच! लहानीच्या दारात मोठी आली होती. हातात पान नव्हतं, काट्यांसकट अख्खी डहाळी होती. "घे. शस्त्रं आहेत, हात सांभाळ."

मी हसत सुटले आणि मग तिचा चेहरा पाहून थांबले. उंबऱ्यातच उभी राहून ती म्हणाली, "आमच्या काकानं ठेवलं होतं गं तसं पान. वाटण्या झाल्या, बोलणं तुटलं, त्याच वर्षी. दुकानाच्या पायरीवर ठेवलं आणि गेला. अप्पा म्हणाले, हात लावू नका, ह्यात त्याचा काहीतरी डाव आहे. शटर ओढलं. मरेपर्यंत बोलले नाहीत. आणि तू म्हणतीयस ते सोनं होतं. सोनं असलं तर मी काय करू?"

मी दुसरी चप्पल पायात सरकवली. एवढंच म्हणाले, "जाऊन विचारू की."

काका गोकुळ रोडला राहायचे. दार त्यांनीच उघडलं. तिनं वाकून त्याच डहाळीचं एक पान पुढं केलं. "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोणु, काका." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहूया, हे इथं सगळेच कानडीत म्हणतात. काकांनी दोन्ही हातांनी पान घेतलं. आणि अक्का ती अक्काच! मी तिला चिमटा काढेपर्यंत तिनं विचारलंसुद्धा, "काका, त्या वर्षी अप्पांच्या पायरीवर पान ठेवलंत, त्याचा अर्थ काय होता?"

"अर्थ कसला गं?" काका म्हणाले. "दसरा होता. थोरल्याला पान दिल्याशिवाय घास उतरेना, म्हणून ठेवून आलो. बोलायचा धीर झाला नाही." मग खालच्या आवाजात, "उचललं का गं त्यानं?"

अक्कानं काकांकडं सरळ बघितलं. "उचललं, काका. देव्हाऱ्यात ठेवलं होतं."

परतताना बसमध्ये आम्ही पुन्हा शेजारी बसलो, पण भांडलो नाही. सेमिनारला सरांनी निष्कर्ष विचारला, तेव्हा अक्का म्हणाली, "पान उचलून घ्यावं, सर." वर्गाला ती गंमत वाटली.

आता एम.ए. संपलं. अक्का पुन्हा दुकानात बसते आणि गिऱ्हाइकांना खणावरच्या मोराचे अर्थ सांगते. दसऱ्याला लहान म्हणून मीच तिच्याकडं जाते. ती पान घेते, उलटसुलट करून बघते, काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि मग नुसतंच ते कपाळाला लावते.