तापत्या पाण्याची रेघ

रेघकाकांचा हात सरळ होता आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. अंध मुलांसाठी विज्ञान-गणिताच्या आकृत्या बोटांना लागतील अशा उठावदार करायच्या, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. पुढच्या खोलीत टेबल, जाड कागदांची चळत आणि बोथट सळई. आलेखाचे अक्ष दोरा चिकटवून व्हायचे. रेघ मात्र कागद पालथा घालून मागून दाबायची, म्हणजे ती पुढे उठते. मागून दाबताना ती आरशातल्यासारखी, डावं-उजवं उलटी काढावी लागते, हे त्यांना झोपेतही ठाऊक. तरी एका घाईच्या आठवड्यात ते विसरले.

एका दुपारी विज्ञानाच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या वर्गात एकच मुलगी अंध होती. तिनं परीक्षेत काकांचा आलेख चाचपून लिहिलं होतं, पाणी तापत ठेवलं की वेळ जाईल तसं ते गार होतं. वर्गात हशा पिकला होता. कागद बरोबर आहे ना, एवढंच बाईंना विचारायचं होतं.

"तिनं उलटा धरला असेल," काका म्हणाले. बाईंना पटलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी आपल्याकडची प्रत काढली आणि डोळे मिटून बोट फिरवलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच. रेघ उजवीकडे खाली घसरत होती. कागद वरचा खाली असा उलटा धरला, तरी घसरतच होती. त्यांचे कान तापले. चूक तर केलीच, वर पोरीच्या माथी खापर फोडून मोकळा झालो.

बायकोला सांगितलं, तेव्हा ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "आता हे फोनवर मिटायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. बाईंच्या कानावर घालून गुपचूप परतावं, असा बेत होता. पण बाई म्हणाल्या, पोरं हसली ती वर्गात. मग काका फळ्यापाशी उभे राहिले आणि अडखळत सगळं बोलले, फोनवरचं खोटंसुद्धा.

मुलगी बाकावरून उठली.

"घरी मीच पाणी तापवते, काका. मला माहीत होतं. पण कागद तुमचा होता, म्हणून कागदाचं ऐकलं."

धरणीनं पोटात घ्यावं, असं काकांना झालं.

बाईंनी तिचे गुण वाढवले. आता प्रत्येक नवा कागद आधी तिच्याकडे जातो. जुन्यांतल्याही तीन चुका तिनं हसत हसत काढल्या. ती बोट फिरवत असते तेव्हा काका जमिनीकडे बघत बसतात. तिला दिसत नाही, तरीही.