आग्रहाचा रकाना

वजनकाट्यावर चढण्याआधी तो खिसे रिकामे करायचा. फोन, किल्ल्यांचा जुडगा, पेनड्राइव्ह, रुमाल, सगळं माझ्या काउंटरवर. मग चपला, मग घड्याळ, शेवटी शर्टाच्या खिशातलं पेन. मी म्हणायचो, "करदोडाही काढ." तो गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "त्यो देवाचा हाय भाऊ. त्यो वजनात धरत न्हाईत."

मांजरसुंब्याच्या चौकात माझं मेडिकल आणि त्याचं ऑनलाइन सेंटर अगदी शेजारी. मध्ये फक्त प्लायवूड. पीकविम्याचे अर्ज, दाखले, झेरॉक्स हे त्याचं काम. काटा माझा, दारातच ठेवलेला. असा एक लठ्ठ, हसरा माणूस तुमच्याही चौकात असेल; दोघांच्या बाकावर एकटा मावणारा, आणि त्यावर लोकांच्या आधी स्वतःच बोलून मोकळा होणारा.

त्याला वजन उतरवायचं होतं ते आक्कासाठी. आक्का म्हणजे थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तिनंच त्याला वाढवलं. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा डायलिसिसला बीड जवळ पडतं म्हणून ती शिरूर कासारहून त्याच्याकडे राहायला आली. दाजी ऊसतोडीला गेलेले, मुलगी शिरूरला आजीजवळ. याचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे घरात दोघंच. त्याची किडनी तिला जुळत होती. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं की या वजनावर ऑपरेशन करता येणार नाही. आधी उतरवा, मग पुढच्या तपासण्या करू.

"किडनी तयार हाय," तो म्हणायचा, "मधी पोट आडवं आलंय."

आधी त्यानं फोनवर एक तयार अॅप घेतलं. त्यात पास्ता होता, बाजरीची भाकरी नव्हती. रोटी होती, पण ती सगळ्या देशाला एकाच मापाची. "ह्यानं आमच्या आक्काची भाकरी बघितलीच न्हाई," म्हणत त्यानं ते काढून टाकलं आणि एक्सेलमध्ये स्वतःचंच बनवलं. समोरच्या मिठाईवाल्याच्या काट्यावर भाकऱ्या तोलल्या. 'आक्काची भाकरी' वेगळी, 'ढाब्याची भाकरी' वेगळी. चहासुद्धा दोन प्रकारचा, घरचा आणि पुढाऱ्याच्या हापिसातला. दुसऱ्यात साखर लई असते म्हणे. दिवसाचं खाणं जास्त झालं की रकाना लाल व्हायचा. त्याच पानावर खाली आक्काचं पाणी मांडलेलं असायचं, कारण तिला पाणी मोजूनच प्यावं लागे.

शिवाय जेवायच्या वेळेला त्याचा फोन बोलायचा. आवाज त्याचाच, त्यानंच भरून ठेवलेला. "काय खाल्लं रं? खरं सांग." दुपारी एकला तो आवाज प्लायवूडमधून माझ्याकडे यायचा. मी डबा उघडता उघडता ओरडायचो, "दोन पोळ्या, मेथी."

"तुमाला न्हाई इचारलं भाऊ."

हे रोजचंच झालं होतं. स्वतःचाच आवाज कशाला, म्हटलं तर म्हणाला, "दुसऱ्याला मी सहज फसवतो."

एवढं करून वजन हलेना. एक्सेल म्हणत होतं उतरायला हवं, काटा म्हणत होता नाही. त्याला माझ्या काट्याचा संशय आला. एक दिवस खांद्यावर सिमेंटची न फोडलेली गोणी घेऊन आला, काट्यावर ठेवली आणि वाकून पाहिलं. बरोबर पन्नास. "काटा बराबर हाय," असं म्हणून तो त्या गोणीशेजारीच पायरीवर बसला. धाप लागली होती, चेहरा उतरला होता.

मी विचारलं, "काल साखरपुड्यात काय जेवलास?"

"काय न्हाई. अर्धी पोळी आन् वरण."

"आणि जिलेबी? मी समोरच्याच पंगतीत होतो."

"ती आग्रहाची होती की."

"मग खाल्लीस ना?"

"मी तीनदा न्हाई म्हणलं भाऊ. हात बी आडवा धरला. त्याच्यावरून वाढलं तर ते वाढणाऱ्याचं."

तो थट्टा करत नव्हता. हा हिशेब आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतो, त्यानं तो फक्त एक्सेलमध्ये चालवला. मी औषधशास्त्र शिकलेला माणूस, पण खरं सांगतो, क्षणभर मलाही पटलं.

त्याच दुपारी पानावर नवा रकाना आला, 'आग्रह'. त्यापुढे आग्रह कुणाचा, ते नाव. आठवड्यानं त्यानं मला पान दाखवलं. मला वाटलं होतं सोयरे, ढाबेवाले, पुढारी दिसतील. होतेही, पण निम्म्याहून जास्त ओळींत एकच नाव होतं. आक्का. डायलिसिसहून आलेली ती दमलेली बाई बसूनच भाकरी थापायची, आणि हा 'बास' म्हणाला की आणखी एक त्याच्या ताटात टाकायची.

"तिला सांगावं लागेल," मी म्हटलं.

"माझ्यानं न्हाई व्हायचं. तुमी सांगा."

मी गेलो. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. "लहानपणी भाकरीसाठी लई रडलाय त्यो," ती म्हणाली. "म्हणून हात जातो माझा." मग पदराला हात पुसत, "न्हाई वाढत आता."

त्यानंतर ती एकदा वाढून झालं की हात पदराखाली घेऊन बसायची. मी तिला तसं बसलेलं पाहिलं आहे. फार वाईट वाटलं होतं.

वजन उतरायला लागलं. आक्काच्या नावाची ओळच येईना. त्याचा पट्टा आत आत जात राहिला, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, चालेल, तपासण्यांना या. त्यानं चौकात पेढे वाटले. मी त्याच्या तोंडाशी एक नेला, तर म्हणाला, "भाऊ, तुमचं नाव लिव्हावं लागंल." नाही खाल्ला.

तपासण्यांचा दिवस उजाडायच्या आधीच आक्का गेली. डायलिसिस चालू असताना हृदय थांबलं, एवढंच आम्हाला सांगितलं.

सगळं शिरूरलाच झालं. मी गेलो होतो. तो रडला नाही. आलेल्यांना पाणी देत होता, दारातल्या चपला सरळ करून ठेवत होता. मला म्हणाला, "दुकान कुणावर टाकून आलात?" मीही नीट उत्तर दिलं. मलाही काही वाटत नव्हतं. कानात पाणी गेल्यावर होतं तसं झालं होतं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळंच चार घास खायला लावतात. त्याला आपल्याकडे कडू घास म्हणतात. दाजींच्या चुलत्यानं त्याच्या हातात भाकरी दिली. तो नको म्हणाला. पुन्हा नको म्हणाला. मग तोंडाशी घासच आला, आणि त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात खिशातला फोन बोलला. "काय खाल्लं रं? खरं सांग."

आवाज पूर्वीचा होता, हसरा. ओसरीवरच्या बायांनी वळून पाहिलं. मला वाटलं तो फोन बंद करेल. त्यानं त्यातच एक्सेलचं पान उघडलं. भाकरी लिहिली, पिठलं लिहिलं. मग बोट थांबलं.

"भाऊ," तो म्हणाला, अगदी सेंटरमध्ये विचारावं तसं, "ह्यो आग्रह कुणाच्या नावावर टाकू?"

त्यानं थोडी वाट पाहिली. मग 'आक्का' लिहिलं, फोन ठेवला, आणि राहिलेली सगळी भाकरी खाल्ली.

सेंटर त्यानं पुन्हा उघडलं नाही. दाजी ऊसतोडीला परतले, भाचीजवळ कुणीतरी हवं म्हणून तो शिरूरलाच राहिला. माझा काटा दारात आहे. लोक फोन आणि किल्ल्यांसकट त्यावर चढतात, मी काही सांगत नाही.

दुपारी एकला मी डबा उघडतो. दोन पोळ्या, मेथी. काय खाल्लं, ते कुणी विचारत नाही.