परक्या शिवेवरचा नारळ

इंग्लंडला निघालो तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, मला सोडायला आळेफाट्यापर्यंतच आले. विमानतळावर चला म्हटलं, तर त्यांना दुसऱ्या दिवशी शीव बांधायची होती. ओतूरजवळच्या आमच्या गावात जत्रेच्या आदल्या दिवशी हद्दीवरून भात शिंपत फिरतात आणि शिवेच्या दगडावर नारळ फोडतात. तो मान आमच्या घराचा. गाडीत बसताना ते एवढंच म्हणाले, "फुडल्या चैत्रात ये. नारळ तूच फोडायचा."

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत, त्यांना पुढचं सांगायला नको. दवाखान्यात टेक्निशियनची नोकरी, शिफ्टा, आणि दर चैत्रात माझं ठरलेलं उत्तर, रजा नाही. दादांनी कधी हट्ट धरला नाही, याचंच जास्त लागतं.

भाडं कमी म्हणून शहराबाहेरच्या खेड्यात राहिलो. शेजारच्या जीनबाई तिथल्या चर्चचं सगळं बघायच्या. त्या पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाचा, इतिहास त्यांना तोंडपाठ. शेजारच्या गावाशी ओढ्यावरून झालेली भांडणं ऐकताना मला आमचंच गाव आठवे. तिथंही मे महिन्यात सगळं गाव हद्दीवरून फिरतं, दगडांवर काठ्या मारतं. पूर्वी म्हणे पोरांना दगडावर आपटायचे, म्हणजे हद्द जन्मभर लक्षात राहते. बाईंनी मलाही बोलावलं. शिफ्ट बदलून मिळाली, फारशी विनवणीही करावी लागली नाही.

जाताना मी सुपरमार्केटमधून नारळ घेतला. पहिल्या दगडापाशी बूट काढले, हात जोडले आणि नारळ फोडला. पाद्रीबुवांनी हौसेनं खोबरं खाल्लं. दर वर्षी हे तूच करायचं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी लई खुशीत घरी फोन लावला आणि सगळं सांगून बसलो.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "औंदा आपल्या नारळाचा मान मी गावातल्या धाकट्या आळीला दिला. गुडघ्यानं शिवंवरचा वढा उतरवंना. तुला कशाला सांगून जीवाला घोर लावायचा." मग त्यांनीच विचारलं, "नारळ चांगला निघाला का?"

"चांगला निघाला."

"मग झालं. त्यांची शीव सोडू नको आता."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. आमच्या घराचा मान मी परक्या दगडावर फोडून आलो होतो, आणि तो नासका निघाला नाही म्हणून त्यांना समाधान वाटलं.

पुढच्या चैत्रात रजा मागितली आणि मिळाली. ती आधीही मिळाली असती. दादांचा हात धरून मी शिवेवर गेलो. धाकट्या आळीच्या मानकऱ्यानं नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. माझ्यापाशी आल्यावर त्यानं ओळख न पटून दादांकडे पाहिलं, मग हसून तुकडा पुढे केला.

"घ्या, पावणं."

दादांनी मान खाली घातली. मी दोन्ही हातांनी तुकडा घेतला.