बिझी आहेस का?

तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, पण ‘बिझी’ या शब्दाने मला जेवढं छळलं तेवढं एकाही द्वाड पोराने छळलं नाही. पूर्वी आपल्याकडे माणसाला काम असायचं, घाई असायची, अगदीच झालं तर मरायला फुरसत नसायची. बिझी कोणी नसे. मग कंपन्या आल्या आणि अख्खं कोथरूड बिझी झालं. आमच्या सोसायटीतला इस्त्रीवालासुद्धा म्हणायला लागला, “म्याडम, उद्या या, आज बिझी हाय.” वर्तमानपत्रं ‘व्यस्त’ लिहितात. अहो, आमच्या वेळी व्यस्त फक्त प्रमाण असायचं!

एकदा शब्दकोश काढून मूळ पाहिलं. जुन्या इंग्रजीत या शब्दाला ‘काळजीत असलेला’ असाही अर्थ होता. तो पुढे कधीतरी गळून पडला. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण घरात ऐकायला कोण? आमचे हे जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये, राहायलाही तिकडेच. एकाच शहरात असून महिना महिना तोंड दिसत नव्हतं.

त्या आठवड्यात मला त्याची खरोखर गरज होती. सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. घरचं कोणीतरी बरोबर आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला भीती वाटत होती. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तेच, “आई, बिझी आहे गं, नंतर करतो.” ऑपरेशनचं सांगण्याइतकीही उसंत त्याने दिली नाही. चौथा फोन मी केला नाही. म्हटलं, मलाही स्वाभिमान आहे.

रविवारी दुपारी त्याचाच फोन आला. इतका आनंद झाला की गॅस बंद करायचंही सुचलं नाही. आणि तो म्हणतो काय, “आई, बिझी आहेस का?”

मला विचारतोय! दिवसदिवस भिंतींशी बोलणाऱ्या बाईला! डोकंच फिरलं माझं. “हो तर,” मी म्हणाले, “श्वास घ्यायला वेळ नाही मला.” वाटलं, हसेल, म्हणेल, टोमणे पुरे, काय झालं ते सांग. लहानपणी माझा टोमणा त्याला वाक्य संपायच्या आत कळायचा.

“बरं बरं, मग नंतर बोलू,” म्हणाला आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर धरून तशीच उभी राहिले. परत लावता आला असता. नाही लावला.

सोमवारी रिक्षा करून एकटीच गेले. नर्सने विचारलं, “बरोबर कोण आलंय?”

“कोणी नाही.”

“मूलबाळ नाही का, आजी?”

“नाही,” मी म्हणाले.