जमुना तायडेनं लिहून घेतलं

अकोल्यात डॉक्टर मुजम्मिल यांचा लहान मुलांचा दवाखाना होता आणि त्या दवाखान्यातला लशींचा फ्रीज जमुना सिस्टरच्या ताब्यात होता. खुद्द डॉक्टरांनासुद्धा तो उघडायचा तर आधी तिला विचारावं लागे. २००८ सालचा उन्हाळा, भारनियमन बारा-बारा तासांचं. लाइट गेली की जमुना घड्याळाकडे बघायची आणि ठरलेला वेळ टळला की सगळ्या बाटल्या थर्मासमध्ये भरून ऑटोनं बर्फाच्या कारखान्यात नेऊन ठेवायची. एकदा ती भाचीच्या लग्नाला गेली असताना फ्रीज दिवसभर बंद राहिला. परत आल्यावर तिनं एकेक करून चौदा बाटल्या फेकायला काढल्या. डॉक्टर कळवळले.

"सिस्टर, त्यातल्या दोन-चार तरी चालल्या असत्या."

"कोणत्या चालल्या असत्या ते तुमी दाखवा, डॉक्टरसाब. मले नाही समजत."

हा कडकपणा तिच्यात कुठून आला, ते डॉक्टरांना ठाऊक होतं. 

वीस वर्षांपूर्वी जमुना तायडे शेंदूरजनाघाटाच्या बाजूला, बोरठाणा नावाच्या संत्र्यांच्या गावात सरकारी नर्स होती. वय सव्वीस. मूळची बार्शीटाकळीची, घरातली पहिली नोकरीवाली. मार्च अठ्ठ्याऐंशीमध्ये गोवराच्या लशीचा दिवस ठरला. तिनं घरोघर फिरून एकतीस लेकरांच्या आयांना सकाळी आठ वाजता शाळेत बोलावलं. लस आरोग्य केंद्राच्या जीपमधून यायची होती, बर्फाच्या पेटीत. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. लेकरं रडून रडून झोपली. जीप आली तेव्हा बाराला वीस मिनिटं कमी होती. जमुनानं पेटी उघडून आत हात घातला. बर्फ नव्हता. पाणी होतं, आणि ते कोमट होतं.

जीप तीन तास जानरावच्या संत्र्यांच्या कामात अडकली होती. जानराव म्हणजे त्या वेळचा पंचायत समितीचा सभापती. त्याचा ट्रक नादुरुस्त झाला होता, मृग बहाराची संत्री वरुडच्या बाजारात पोचवायची होती, म्हणून त्यानं सरकारी जीप वळवून घेतली. लशीची पेटी ड्रायव्हरनं खाली काढून बांधावर उन्हात ठेवली, तिच्या जागी संत्र्यांच्या पेट्या चढवल्या आणि दोन खेपा केल्या. ड्रायव्हरनंच हे तिला त्या दिवशी खाली मान घालून सांगितलं.

जमुनानं लस दिली नाही. वहीत लिहिलं : "११.४० ला पेटी मिळाली. बर्फ वितळलेला. पाणी कोमट. लस खराब, दिली नाही." सही केली आणि आयांना घरी पाठवलं. पुढची लस महिन्यानं मिळणार होती. गोवर तीन आठवड्यांनी आला.

बोरठाण्यात सात लेकरं गेली. माणिकबाईची दोन्ही पोरं त्यात होती, एक दीड वर्षाचा, एक साडेतीन. गाव पिसाळलं, आणि पिसाळलेल्या गावाला जानरावनं वाट दाखवली. लस तर आली होती, म्हणाला, साऱ्यांनी जीप पाहिली. या बाईनं टोचली नाही. विकली असंल कुठंतरी. चावडीपुढे जमुनाला उभं केलं. माणिकबाईनं पायातली चप्पल काढून तिच्या तोंडावर मारली. त्या चपलेचा राग जमुनानं माणिकबाईवर कधीच धरला नाही. दोन लेकरं पुरून आलेली बाई, तिच्या हातात दुसरं काय येणार? पण त्याच वेळी जानराव ओट्यावर बसून सुपारी कातरत होता, ते तिनं पाहिलं. ते मात्र ती विसरली नाही.

चौकशी झाली. ड्रायव्हर म्हणाला, पेटी मी आठ वाजताच पोचवली. जमुनाची वही कुणी हातात धरली नाही, शाळेत वाट पाहत बसलेल्या आयांची साक्ष कुणी घेतली नाही. नोकरी गेली, पेपरात नाव छापून आलं, दर्यापूरचं ठरलेलं लग्न मोडलं. ती अकोल्याला आली, खोली घेतली, आईला आणलं. आई गेल्यावर एकटीच राहिली. ड्रायव्हरही पुढे वारला. आता खरं काय ते सांगू शकेल असा एकच माणूस जिवंत होता.

डॉक्टरांच्या दवाखान्यात लेकरांखेरीज वर्षाकाठी आठ-दहा नव्या नवऱ्याही यायच्या. नवरा अमेरिकेत, बायकोचा व्हिसा व्हायचा, आणि त्याआधी मुंबईत मेडिकल. त्या मेडिकलला गोवर, गालगुंड, रुबेला, कांजण्या, धनुर्वात अशी लांबलचक यादी असायची. बार्शीटाकळीची नगमा अशीच गेली होती. दुसरी इफ्फत. ती दोन महिन्यांची गरोदर होती. गरोदर बाईला गोवर-रुबेलाची लस देतच नाहीत, म्हणून तिच्या घरचे हवालदिल झाले होते. पण मुंबईच्या डॉक्टरनं कागदावर गरोदर असल्याची नोंद केली, तेवढ्या लशी सोडून दिल्या आणि व्हिसा रीतसर झाला. इफ्फतनं पेढे आणून दिले तेव्हा जमुनानं ही गोष्ट नीट विचारून समजून घेतली होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमाराला, दवाखान्याच्या बाकावर एक म्हातारा आणि एक पोरगी येऊन बसली. जमुनानं त्याला लगेच ओळखलं. अंग उतरलं होतं, धोतराच्या जागी पायजमा आला होता, पण बसण्याची तऱ्हा तीच. तिनं तीन लेकरांना टोचलं, त्यांच्या कार्डांवर तारखा घातल्या, हात धुतले आणि मग बाहेर आली.

"बाई, ओळखलं का?" जानराव उठून उभा राहिला. "ही माही रागिणी."

रागिणीचं लग्न झालं होतं, नवरा अमेरिकेत, मेच्या अखेरीला मुंबईत मेडिकल, आणि पोरगी तीन महिन्यांची गरोदर. अमरावतीच्या डॉक्टरनं लस द्यायला नकार दिला. लहानपणी टोचल्याची नोंद असेल तर आणा, म्हणाला. उपकेंद्राची जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली होती. एजंटानं सल्ला दिला, त्या वेळच्या नर्सबाईकडून लिहून आणा.

"दोन ओळी लिहून द्या, बाई. तुमची सही लागते."

"काय लिहू?"

"का हिले गोवराची लस देल्ली होती म्हणून."

जमुनानं रागिणीकडे पाहिलं. पोरगी उन्हानं लाल झाली होती, रुमालानं मान पुसत होती. मार्च अठ्ठ्याऐंशीच्या त्या यादीत नवव्या नंबरला हिचं नाव होतं, वय नऊ महिने. तिनं काय बिघडवलं होतं कुणाचं? इफ्फतची गोष्ट जमुनाच्या अगदी ओठांवर आली. एका वाक्याचं काम होतं. सांगून टाकावं आणि यांना वाटेला लावावं.

"पण मी त्या दिवशी कोणालेच टोचलं नाही," ती म्हणाली. "तुमाले तर माईत हाय."

"खोटं नाही लिहाचं, बाई," जानराव घाईनं म्हणाला. "हिले टोचलेलं हाय. दुसऱ्याच दिवशी अमरावतीले नेऊन टोचून आणलं होतं. तो डॉक्टर मेला, त्याचे कागद रद्दीत गेले, म्हणून तर…"

तो बोलता बोलता थांबला. आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं.

"दुसऱ्याच दिवशी," जमुना म्हणाली.

म्हणजे याला माहीत होतं. लस उन्हात नासली, महिनाभर मिळणार नाही, हे याला त्याच दिवशी कळलं होतं. यानं आपली पोरगी काखेत मारली, अमरावती गाठली, टोचून आणली आणि गावाला अक्षर सांगितलं नाही. अमरावतीहून येताना दोन बाटल्या बर्फात घालून आणल्या असत्या तरी वीस लेकरांचं झालं असतं.

इफ्फतची गोष्ट तिनं गिळून टाकली.

"पोरी, आत कूलरपुढे बस," तिनं रागिणीला आत पाठवलं. मग जानरावकडे वळली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला अरे-तुरे केलं. "ऐक, जानराव. एक मेले गावात ग्रामसभा असते. त्या दिवशीची जीप कुठं होती, काहून होती, आन् तुही पोरगी दुसऱ्या दिवशी कुठं नेली, हे तू तुह्या हातानं लिहायचं आन् गावापुढं वाचायचं. मी येईन ऐकाले. वाचलं का तुह्या पोरीचं काम अडणार नाही. हे माहं वचन."

"बाई, जुनी गोष्ट हाय. लोकं विसरले."

"मंग तुले वाचाले काय भेव?"

तो हात जोडायला लागला. तिनं बघितलंही नाही. त्यानं पैशाची गोष्ट काढली, तेव्हा तिनं हाक मारून डॉक्टरांना बाहेर बोलावलं आणि त्यांच्यासमोर ती परत काढायला लावली. शेवटी तिथंच, बाकावर बसून, त्यानं ती सांगेल तसं लिहिलं. कागदावर डॉक्टरांनी साक्षीदार म्हणून सही केली. त्याची एक प्रत जमुनानं ठेवून घेतली.

ते सतरा-अठरा दिवस जमुनाला जेवण गोड लागलं. शेजारीण म्हणाली, बाई, तब्येत सुधारली तुमची.

एक मेला ती बोरठाण्याच्या फाट्यावर उतरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बागा वाळल्या होत्या. बोअर आटले होते, झाडं बुडापासून कापून सरपणाला रचून ठेवली होती. जानरावची बागही त्यात होती. तिला ते बघून वाईट वाटलं नाही. ती चालत गेली आणि ग्रामपंचायतीसमोर मांडवाच्या कडेला, बायकांत बसली.

जानराव उभा राहिला. त्याचा आवाज मागच्यांपर्यंत पोचत नव्हता, तेव्हा जमुना बसल्या जागेवरून म्हणाली, "मोठ्यानं." त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तरण्या पोरांना काही कळेना, ती एकमेकांना विचारत राहिली. पण पन्नाशीच्या पुढचे सगळे एकदम गप्प झाले होते.

माणिकबाई पुढेच बसली होती. पन्नाशी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जानरावच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"किती पेट्या होत्या रे संत्र्याच्या?"

जानराव कागदाची घडी घालू लागला.

"इचारून राहिली ना मी. किती पेट्या होत्या?"

"…साठेक."

"साठ," माणिकबाई म्हणाली. मग वळून, वाट चाचपत, ती बायकांत आली आणि जमुनाच्या शेजारी बसली. सभा संपेपर्यंत माणिकबाईनं जमुनाच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी जानराव आणि रागिणी दवाखान्यात हजर झाली.

"द्या आता लिहून."

"लिहाचं काईच नाही," जमुना म्हणाली आणि तिनं इफ्फतची गोष्ट सांगितली. गरोदर आहे हे मुंबईच्या डॉक्टरला आधी सांगायचं, सोनोग्राफीचा कागद न्यायचा. त्या लशी तो आपणच सोडून देतो. व्हिसा अडत नाही.

जानरावचा चेहरा आधी उजळला आणि मग हळूहळू काळा पडला.

"हे तुले त्या दिवशी माईत होतं?"

"होतं."

"मंग मले गावापुढं नागवं काहून केलं?"

"मले चावडीपुढं काहून केलं होतं?"

त्यानं हात उगारला. बाकावरच्या आया उठून उभ्या राहिल्या. त्यानं हात खाली घेतला आणि पायऱ्या उतरून गेला. रागिणी थांबली. तिचे डोळे भरले होते.

"बाबानं केलं ते वाईटच केलं, मावशी. पण तीन आठवडे मी झोपली नाही. रोज वाटे, व्हिसा जाईल, आपलं काय होईल. तुमी मले वापरलं."

"हो," जमुना म्हणाली. "तुले वापरलं. त्याची माफी मागतो मी. तुह्या बापाची नाही मागणार."

रागिणीनं मान हलवली नाही, नमस्कारही केला नाही. जूनमध्ये ती अमेरिकेला गेल्याचं कळलं. तिचा शब्द जमुनाला पुढे बरेच दिवस टोचत राहिला. पण तोच डाव पुन्हा मांडायची वेळ आली असती तर तिनं तो तसाच मांडला असता, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. लोक म्हणत, सूड घेतल्यावर माणूस रिकामं होतं. जमुनाला तसं काही झालं नाही.

तिनं तो कागद जोडून, आपल्यावरचा ठपका काढावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. दीड वर्षानं उत्तर आलं, प्रकरण फार जुनं आहे. तिनं दुसरा अर्ज केला.

जानराव गावात राहिला नाही. अमरावतीला मुलाकडे गेला. वरुडकडचं कुणी दवाखान्यात आलं की जमुना त्याची चौकशी करायची. बरा आहे म्हटलं की गप्प बसायची, गुडघे गेले म्हटलं की "बरं" म्हणायची. पाच वर्षांनी माणिकबाईच्या पुतण्यानं फोन करून सांगितलं, जानराव मेला.

जमुना तेव्हा एका लेकराच्या कार्डावर तारीख घालत होती. तिनं ती पुरी घातली, पेनाला टोपण लावलं.

"लवकर गेला," ती म्हणाली.