खंडेनवमीला मारलेला चेंडू

खंडेनवमीच्या सकाळी खंडेराव जगदाळे स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये पाहुण्यासारखे उभे होते. करवत, पाने, ड्रिल, सगळ्यांवर झेंडूची फुलं वाहून झाली होती. एकदा पुजलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा साताऱ्याकडच्या घरचा रिवाज. तो त्यांनी फौजेत पाळला होता आणि नोएडातही मोडला नव्हता. आज मात्र हात शिवशिवत होते. उद्या सकाळी त्यांच्या मुलीची, अर्पिताची, युनिव्हर्सिटीच्या गोल्फ टीमसाठी ट्रायल होती आणि त्यांनी स्वतः बांधलेला ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब, पहिला फटका मारायचा क्लब, ती घरीच ठेवून जाणार होती.

वर्कशॉप म्हणजे तळमजल्याच्या घरामागची पत्र्याखालची जागा. फौजेत ते आर्मरर होते, जवानांच्या रायफली दुरुस्त करणारे. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या शेवटच्या पोस्टिंगला एका साहेबांनी मोडका क्लब त्यांच्यापुढे ठेवला. ती दांडी बदलताना जे वेड लागलं, ते निवृत्तीनंतरही उतरलं नाही. आता नोएडा-गुडगावची माणसं क्लब घेऊन त्यांच्याकडे येत. गाडीची स्प्रिंग आणि लोखंडी पाइप जोडून त्यांनी चेंडू मारणारं एक यंत्र उभं केलं होतं. क्लबच्या तोंडावर टाल्कम पावडर लावायची, यंत्राला क्लब जखडायचा, खटका ओढायचा. चेंडू समोरच्या ताडपत्रीवर धप्पकन आदळायचा आणि तो क्लबला नेमका कुठे लागला ते पावडर सांगायची. अर्पिताने यंत्राचं नाव ठेवलं होतं हवालदार.

तिच्या ड्रायव्हरची दांडी खंडेरावांनी मुद्दाम लांब ठेवली होती. लांब दांडी, लांब फटका. हवालदाराने ताडपत्रीला जास्त जोराचा दणका देऊन ते सिद्धही केलं होतं. पण सरावाच्या रेंजवर अर्पिताचा प्रत्येक चेंडू उजवीकडे वाहून जायचा.

"क्लब ठीक आहे," काल ते म्हणाले होते. "हवालदार मारतो तेव्हा बरोबर मधोमध लागतो. रायफल झीरो असेल, नेम जुळवलेला असेल, तर चूक जवानाची."

"मग ट्रायलला हवालदारालाच पाठवा ना, पप्पा! मी रुचिताचा ड्रायव्हर घेऊन जाते."

रुचिता म्हणजे तिची खेळातली मैत्रीण. एवढं बोलून अर्पिता उठून गेली होती. रात्री जेवतानाही वर बघितलं नाही.

आत्ता तो ड्रायव्हर इतर हत्यारांच्या ओळीत भिंतीला टेकून उभा होता. खंडेरावांच्या पत्नीने, चंद्रप्रभाबाईंनी, ओल्या हळदीकुंकवाचा हात त्याच्या तोंडावरून सढळपणे फिरवला होता. कुंकू वाळून तडकायला लागलं होतं. खंडेराव दोनदा त्याच्यापाशी गेले आणि परत फिरले.

"अहो, तुम्ही बाहेर बसता का जरा?" चंद्रप्रभाबाई दारातून म्हणाल्या. "देवाला सुद्धा धाप लागेल तुमच्या येरझाऱ्यांनी."

"मी कुठे काय करतोय?"

"तेच तर. काही करत नाही, त्याचाच त्रास होतोय तुम्हाला."

मागच्या पार्कात उद्याच्या रावणाचा सांगाडा उभारणाऱ्यांना कुणीतरी माइकवरून सूचना देत होतं. अर्पिता आतून आली, पायात बूट. सरळ भिंतीपाशी गेली आणि तिने ड्रायव्हर उचलला.

"अपू, पुजलंय ते."

"तुमची हत्यारं पुजलीत. हा माझा क्लब आहे. मी काम नाही करत, खेळतेय. हो ना मम्मी?"

चंद्रप्रभाबाईंनी क्षणभर विचार केला. "खेळायला बंदी नाही," त्या म्हणाल्या.

"एकदाच मारते. शेवटचं. मग याला नमस्कार आणि रुचिताला फोन."

तिने मॅटवर चेंडू ठेवला आणि मारला. ताडपत्री हलली. खंडेरावांचा हात सवयीने खांद्यावरच्या तेलाच्या फडक्याकडे गेला. रायफल चालली की पुसायची, ही आयुष्यभराची शिस्त. अर्पिताचा प्रत्येक फटका झाला की ते क्लबचं तोंड पुसून लख्ख करून तिच्या हातात परत देत आले होते. पण आज त्यावर देवाचं कुंकू होतं. ते पुसायला हात धजेना.

म्हणून त्यांनी नुसतं पाहिलं. कुंकवात एक गोल जागा उघडी पडली होती. मधोमध नाही, आत, दांडीच्या बाजूला.

"अजून एक मार," ते म्हणाले.

"कशाला? परत जवानाची चूक काढायला?"

"मार तर."

दुसरा चेंडू जवळजवळ त्याच जागी लागला. तिसरा पहिल्याला खेटून. खंडेराव गुडघ्यावर बसले. फायरिंग रेंजवर त्यांनी किती पोरांना हेच समजावलं होतं, गोळ्या विखुरल्या तर नेमबाजाला बोला, पण सगळ्या एकाच जागी बसल्या आणि ती जागा चुकीची असली, तर त्याला काही बोलू नका. तो पक्का आहे. हत्यार त्याच्या मापाचं करा. बुटक्या जवानाला आखूड दस्त्याची रायफल तेच तर काढून द्यायचे. आणि घरच्या पोरीचा पुरावा ते स्वतःच्या हाताने, तेल लावून, रोज पुसत आले होते.

"दांडी लांब झालीय तुला, क्लबचं तोंड चेंडूच्या पलीकडे जातं, म्हणून तो उजवीकडे वाहतो," ते म्हणाले. "तुझा हात पक्का आहे. मीच..."

ते उठले आणि करवतीपाशी जाऊन थांबले. पात्यावर झेंडू, मुठीवर कुंकू.

"उद्या सकाळच्या आधी नाही हं," चंद्रप्रभाबाई हळूच म्हणाल्या.

"सकाळी उशीर होईल. दांडी कापली की मूठ नवी लागते, ती चिकटून सुकायला वेळ लागतो." त्यांनी बोटं मोडली, कोंडवाड्यात अडकलेल्या जनावरासारखे दोन फेऱ्या मारल्या. मग यंत्राकडे पाठ करून ते अर्पिताशेजारी येऊन उभे राहिले. "हात खाली घे. अजून थोडा. मुठीचं टोक वर मोकळं राहू दे."

"असं? फटका आखूड जाईल ना, पप्पा. तुमची लांबी वाया."

"जाऊ दे वाया."

तिने मारलं. आवाजच वेगळा आला, भरीव. दोघांनी एकदमच खाली वाकून पाहिलं. मधल्या कुंकवात नवी जागा उघडली होती.

अर्पिताने क्लब फिरवून पुन्हा पाहिला, मग खंडेरावांच्या खांद्यावरचं फडकं काढून स्वतःच्या खिशात कोंबलं.

"हे उद्या संध्याकाळपर्यंत माझ्याकडे. आणि रुचिताला मी फोन करत नाहीये."

ती चेंडू गोळा करायला ताडपत्रीमागे गेली. खंडेराव तिथेच उभे राहिले, रिकामे हात आधी मागे, मग पुढे, मग पुन्हा मागे.