चॅनलचा लाल दिवा

आज सकाळी टोकियोतल्या ओजिमा भागातल्या आमच्या घरातून हॉस्पिटलला फोन लावला, नवऱ्याचा रिपोर्ट विचारायला. एंगेज लागला. तो टूं-टूं आवाज ऐकला आणि सासऱ्यांची बोट आठवली.

मी नवी सून होते. ते टोकियोच्या खाडीत मालाची बोट चालवायचे. बोटीवर रेडिओफोन होता, पण सगळ्या बोटींना मिळून चॅनल एकच. कुणी बोलत असलं की लाल दिवा लागायचा. तो विझेपर्यंत थांबायचं. त्या दिवशी सासूबाईंचं ऑपरेशन होतं, कसं झालं ते हॉस्पिटलला विचारायचं होतं. डिझेलच्या वासात सासरे आणि मी त्या दिव्याकडे बघत बसलो होतो.

दिवा विझला. सासरे हललेच नाहीत.

"ओतोसान, चॅनल मोकळं झालं, लावा ना!" मी म्हणाले. सासऱ्यांना मी ओतोसान, म्हणजे बाबा, म्हणायचे.

"दुसऱ्या कुणाला घाई असेल," ते म्हणाले. तेवढ्यात दिवा पुन्हा लागला, आणि त्यांनी मोठा श्वास सोडला.

काय हा माणूस! बायकोपेक्षा ह्याला शिष्टाचार मोठा! मी मनात चरफडले. कितीतरी वर्षं तो राग माझ्या डोक्यात होता.

आज एंगेज टोन ऐकून मलाही त्यांच्यासारखंच हायसं वाटलं. फोन मांडीवर ठेवलाय. पुन्हा लावायला हात होत नाही.